ओली भिंत

पंपघरात रात्रपाळीचं काम एवढंच:
काट्यावरचा आकडा वहीत उतरवायचा,
झोप आली तर ती लपवायची.
एलिक्सेन मार्देनं त्यात एक काम वाढवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.

बंधारा चार मीटर उंच. ऑक्टोबरात वरून थेंब सांडत नाही,
रेयुनियनचं हे सगळं पाणी उसाकडे वळवलेलं.
भिंत कोरडी, दिवसभराच्या उन्हानं रात्रीही कोमट.
आणि खाली डबक्यात
बिशिक आलेले.

बोटाच्या पेराएवढे. अंगातून पलीकडचा दगड दिसतो,
काळे तेवढे डोळे,
पाण्यालाच मोहरीची फोडणी दिल्यासारखे.
अशाच कुठल्या ओढ्यात जन्मले, लगेच वाहत समुद्रात गेले,
महिनोन् महिने खाऱ्यात काढून परतले.
तोच ओढा का हा, त्यांना ठाऊक नाही.
गोडं पाणी जिभेला लागलं, की वळायचं.

मुखाशी टोपल्या लावून बसलेल्यांत
तिचा भाऊ नार्सिसही आहे.
आलं, टोमॅटो, हळद घालून केलेली बिशिकची कारी
रविवारी ती बोटं चाटून खाते.
त्यात काय लपवायचं?

पण टोपल्यांतून निसटून जे इथवर आले
त्यांची गोष्ट वेगळी.
पोटाखालच्या दोन परांची मिळून एक वाटी झालेली.
ती दगडाला लावायची, मग तोंड लावायचं, मग वाटी.
तोंड. वाटी. तोंड.
एवढ्यावर धबधबे चढतात ते.
कोरड्या सिमेंटवर मात्र काहीच धरत नाही.

म्हणून अकराला ती बादली भरते,
कठड्यावरून हळूहळू ओतते,
वीतभर रुंद, एकच पट्टा.
वीस मिनिटांनी पुन्हा. पुन्हा.
खांदा भरून येतो.
वहीत लिहिते: पातळी नेहमीप्रमाणे.

तीनच्या सुमाराला बॅटरीच्या उजेडात
पट्टा हलताना दिसतो.
शेकडो नखं एकाच वेळी वर सरकावीत तसा.
काही गळून पडतात. डबक्यात टप्प आवाज होतो,
आणि तेच की दुसरेच, पुन्हा भिंतीला लागतात.
एक कठड्यावर पोचतो, तिच्या अंगठ्यापाशी थांबतो.
घसा हलतोय त्याचा.
ती अंगठा बाजूला घेते.

डिसेंबरात साहेब आले.
भिंतीवर वरपासून खालपर्यंत शेवाळाची हिरवी रेघ.
“गळती आहे का इथं?”
“असेल,” ती म्हणाली.
त्यांनी वहीत लिहिलं:
गळती. किरकोळ. पुढच्या वर्षी पाहू.