टाचेची भेग

तेओदूल ब्रासारच्या चित्रात
ब्रशचा माग सापडायचा नाही.
सायीसारखी त्वचा, तिच्यावरून माशीही घसरावी.
पॅरिसनं डोक्यावर घेतला त्याला:
पदक, अकादमीची खुर्ची, मेण लावलेल्या मिशा.

मग पोरं इझल घेऊन उन्हात गेली
आणि त्याचं नाव हसण्यापुरतं उरलं.

लिमोझमधलं तळघर.
ओदील पिवळं व्हार्निश कापसानं उतरवते आहे,
देवीचा खांदा, देवीची पोटरी,
जांभई.

मग टाच.
टाचेला भेग. खोल, काळी,
लाकडी जोड्यांत हिवाळे काढलेल्या बाईची.

कॅनव्हासमागे पेन्सिलीनं: झेली, तीन तास, तीन फ्रँक.

ही निसटली त्याच्या हातून
की त्यानंच ठेवली,
ज्यूरीचं लक्ष खांद्यावरच राहणार हे ओळखून?

ओदील कापूस बदलते.
भेगेपाशी हात हलका करते.