कारणे दाखवा

महाशय,
दुर्भाट धक्क्यावरची शेवटची फेरी
दिनांक सव्वीसला अकरा मिनिटं उशिरा सुटली,
हे खरं आहे.
दोर माझ्या हातात होता. इंजीनवाला ज्योकी
दोनदा भोंगा वाजवून गप्प राहिला, त्याचा दोष नाही.

चढणीवर एक दिवा दिसला.
दिवा म्हणजे माणूस, असं नियमात नाही.
माणूस नव्हे, असंही नाही.
मी रॅम्प उचलला नाही.

कोण येतंय ते ठाऊक असतं
तर ते वाट पाहणं नसतं, हजेरी झाली असती.
पासवाल्यांना मी रोज हजेरीनंच मोजतो.
हा कुठल्याच वहीत नव्हता.

तुमच्या नोटिशीत एक गोष्ट राहिली आहे, ती मीच लिहितो.
बोटीत सुकांती होती, मांडीवर तापानं फणफणलेलं पोर,
पलीकडे रासईला रिक्षा उभी.
तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.
एकासाठी दार उघडं ठेवलं
की आत बसलेल्यांवर ते बंद होतं,
हे खात्याच्या पुस्तकात नाही.

दिवा आला नाही.
कुर्ल्या धरणारं कुणी असेल,
मानशीकडे वळलं असेल.

आता दुसरं, जे तुम्ही विचारलेलं नाही.
दोन वर्षांमागे, शिगम्याआधी, मी ठोक दहाला सुटलो.
मधोमध पोचलो तेव्हा धक्क्यावरून हाक आली.
पाण्यावरून हाक लांब जाते, माणूस जात नाही.
त्या रात्रीची नोंद वहीत स्वच्छ आहे.
तिच्याबद्दल मला नोटीस आली नाही.
अजून वाट पाहतोय.

सुकांतीचं पोर बरं झालं,
म्हणून ती अकरा मिनिटं बरी होत नाहीत.
ज्योकी म्हणतो, जा, भोगस म्हण तिला.
त्या शब्दात भोग आहे,
कुणी भोगायचा ते शब्द सांगत नाही.
आणि सहज माफ होईल असं असतं
तर मागायला जाण्याचं कारणच काय होतं?
दारापर्यंत गेलो. परत आलो.

पगार कापावा, हरकत नाही.
‘पुढे असं होणार नाही’ असं लिहून द्या, म्हणालात.
ते लिहिता येत नाही.
होईल, असंही लिहिता येत नाही.
दहा वाजता दोर हातात येतो तेव्हा
नियम माझ्या शेजारी उभा असतो
आणि पाण्याकडे बघतो.

आपला,
शाबू गावडे, खलाशी

ता. क. धक्क्यावरचा बल्ब जूनपासून गेलेला आहे.
दोन अर्ज दिले.
येणाऱ्याला धक्का दिसत नाही.