काजूच्या गोडाऊनात

वेंगुर्ल्याच्या बंद काजूफॅक्टरीत
रोशनी केळुसकरनं पहिला अल्बम भरला. सात गाणी.
भिंतींना गोणपाटं,
माइकवर माझा धुतलेला मोजा.
गिटारची बारीक तार तुटलेली, तिथं
बापाच्या डब्यातली गरीची दोरी,
न विचारता.

बर्फाच्या कारखान्याची घरघर अडीचला थांबायची,
ट्रॉलर चारला सुटायचे.
मधला दीड तास आमचा.

तिसऱ्या गाण्यात
‘तुझ्या घरची किल्ली राहिली माझ्याकडे,
कुलूप मात्र...’
इथं ती आवंढा गिळते,
आणि नेमकी छपराखाली पाल चुकचुकते.

‘पुसू?’ मी विचारलं.
हेडफोन काढून तिनं पुन्हा ऐकलं,
नखाखालचा काजूचा डाग खरवडत.
‘रवांदे. तिनाच काय ता खरा सांगल्यान.’

बापानं होडीवर ऐकला म्हणे,
मोबाइल तांदळाच्या टोपात ठेवून,
आवाज मोठा व्हावा म्हणून.
निवतीच्या दीपगृहापुढे रेंज गेली,
पाचवं गाणं अर्धंच.

सकाळी जाळं झाडताना
किल्लीबद्दल, कुलपाबद्दल
एक शब्द नाही.
फक्त म्हणाला,
‘ती वरची तार...
माझी दोरी ती. वळखलंय.’