एकास दहा

माझं काम फक्त रेखाटायचं.
आलेखाचा कागद, टोकदार पेन्सिल, ओळंबा,
खड्ड्यावर ताणलेली पांढऱ्या दोऱ्याची चौकट.
जमिनीत दहा, कागदावर एक.
ही बाई पंधरा सेंटिमीटर भरली.

खोन केनहून दोन तास. बान नोंग खाम.
भात कापून झालेलं खाचर, खड्डा सदतीस.
लामदुआन रोज सकाळी उतरते ती आधी हात जोडून.
केळीच्या पानावर मूठभर चिकट भात, एक सिगारेट,
आणि तिच्या बोलीत काहीतरी,
जे तेऊनं मला असं सांगितलं:
आजी, तुझं पांघरूण जरा सरकवतोय, रागावू नकोस.
मग बांबूची काडी घेऊन बसते
आणि दुपारपर्यंत एक बरगडी मोकळी करते.

बाईच्या खाली खापरांची शेज.
मुद्दाम फोडलेली मडकी, नीट पसरलेली.
यावर कुणाला झोप कशी लागेल,
मी मनात म्हटलं,
आणि लगेच ओशाळले.

पायाशी डुकराचा जबडा.
डोक्याशी एक मडकं, मातीनं गच्च.
माती चाळली तर मरळ माशाचे काटे,
मुंडक्यापासून शेपटीपर्यंत, सगळेच्या सगळे.
जेवणाच्या सुट्टीत लामदुआननं डबा उघडला.
मिठाचा लेप देऊन भाजलेली मरळ.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
मग आम्ही खाल्ली.

डाव्या हातात शंखाच्या बांगड्या, नऊ.
निरन सर म्हणाले, पोरवयात चढवलेल्या.
पंजा वाढत गेला आणि त्या आतच राहिल्या.
त्यांच्याखाली हाड एका अंगानं बारीक झालंय.
एकास दहाला तो बारीकपणा केसाएवढा येतो.
मी तीनदा पेन्सिल तासली.

सातवी बांगडी फुटलेली.
म्हणजे, आमच्या घरी असं म्हणत नाहीत.
आई म्हणायची, बांगडी वाढली.
दिवा वाढवायचा, मंगळसूत्र वाढायचं,
जे जे तुटलं ते वाढलं म्हणायचं
आणि पुढचं बोलणं टाळायचं.

इथे कुणीतरी टाळलं नव्हतं.
दोन्ही तुकड्यांना भोकं पाडून
तांब्याच्या तारेनं शिवलं होतं.
भोकं पाडली असतील बाजूला बसून,
पण हात तर त्यातून कधीच निघणार नव्हता,
तेव्हा पीळ दिला तो हातावरच.
तार हिरवी पडलीय,
टोक अजून बाहेर वळवलेलं,
मनगटाला टोचू नये म्हणून.

नोंदवहीत एक रकाना असतो: स्थिती.
अखंड किंवा भग्न.
मी सरांना विचारलं, आणि जोडलेली?
ते शिडीवर होते, कॅमेरा डोळ्याला लावून.
भग्न लिहा, म्हणाले, ऊन उतरतंय.

लामदुआननं गेल्या थंडीत आईला अग्नी दिला.
इथे सगळे हेच करतात.
अस्थी नारळाच्या पाण्यानं धुतात,
विहाराच्या भिंतीत कोनाडा असतो, त्यात ठेवतात.
सावडताना आईचा हात कुठला ते कळलं नाही, म्हणाली.
सगळं एकाच रंगाचं झालं होतं.
हिचा बघ,
आणि काडीनं लांबूनच दाखवलं,
हिचा हात अजून हात आहे.

चौथ्या दिवशी उचलली.
हाडं विद्यापीठाला, बांगड्या संग्रहालयाला,
दोन पेट्या, दोन गाड्या.
बांगड्या काढताना या वेळी काहीच अडलं नाही.
पंजाची हाडं आधीच वेगळ्या पिशवीत होती.

संध्याकाळी पिशव्या मोजताना
डाव्या हाताच्या पिशवीत एक दोरा दिसला.
सुती, पांढरा, वीतभर, गाठ मारलेला.
इथे आजाऱ्याच्या, प्रवासाला निघालेल्याच्या
मनगटाला बांधतात तसा.
लामदुआन नळावर पाय धूत होती.
तिच्या मनगटावर काल तीन होते.

सरांनी विचारलं, हे काय?
मी म्हणाले, चौकटीचा असेल, सर.