प्रश्न क्रमांक अकरा

एकशे बारा फॉर्म परत आले.
एकावर सोया सॉसचा डाग,
एकाच्या कोपऱ्यात पेन चालतं का ते पाहिलेलं.
कागद उडू नयेत म्हणून मी पंखा बंद केला
तसा इलोइलोचा उकाडा आत आला,
मागच्या बाकावर बसला.

प्रश्न माझेच.
फळं आठवड्यातून किती वेळा, पाणी किती पेले,
व्यायाम : कधीच नाही, कधीकधी, रोज.
बहुतेकांनी ‘रोज’वर खूण केलीय.
खोटं कसं म्हणू?
वॉर्ड चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त पेशंटसाठी.

न्याहारीच्या रकान्यात एकजात सगळ्यांनी
तीच पुडी फोडलीय,
कॉफी, साखर, दूध, तिन्ही एकात.
याच मुली नऊ वाजता
सात नंबरच्या आजोबांना मिठावरून दम देतात
आणि साडेनऊला जिन्यात उभ्यानं
खारट सुकी मासळी आणि गार भात.
मीही देते दम. मीही तिथंच जेवते,
दोन पायऱ्या वर.

रोदेलियोनं सिगारेटचा प्रश्न कोरा सोडलाय.

नावं लिहू नका म्हटलं होतं मी,
पण ही अक्षरं रोज चार्टवर भेटतात.
सातच्या पोटातून आडवी रेघ
फक्त क्रिसांता ओढते.
प्रश्न अकरा : रात्री किती तास झोपता?
तिनं एकाही चौकटीत खूण केली नाही.
समासात, औषधाच्या बाटलीवर मावेल एवढ्या अक्षरात :

मॅडम, कुठली झोप धरू?
गिमारासहून येताना पंपबोटीत
इंजिनाशेजारी ऊब असते, तिथली वीस मिनिटं?
आई रियाधहून फोन करते
त्या घरातली मुलं झोपली की.
आमच्याकडे तेव्हा तीन वाजतात.
बोलायचं काही उरलेलं नसतं.
ती फोन भिंतीला टेकवून इस्त्री करत राहते,
शर्टामागून शर्ट,
आणि बघता बघता माझा डोळा लागतो.
ती धरायची का?

माझ्या तक्त्यात रकाने चार.
पेन्सिलीनं ‘माहिती नाही’ लिहिलं.
खोडलं.
खोडरबराचा चुरा बराच वेळ
बोटानं एका जागी गोळा करत बसले.

मग एक कोरा फॉर्म ओढला, स्वतःसाठी.
वय एकेचाळीस. वजन, मागच्या वर्षीचं.
रक्तदाब... इतरांचा रोज मोजते.
अकरापर्यंत आले तेव्हा
भिंतीवर पावणेदोन झाले होते.

सकाळी दारात पांढरा गणवेश,
खाऱ्या पाण्यानं कडक झालेली बाही.
क्रिसांतानं माझ्याकडे पाहिलं, थप्पीकडे पाहिलं,
स्पिरिटचा बोळा पुढे केला.
‘गालावर शाई आलीय, मॅडम.
उलटी आहे, पण वाचता येतेय.’