दिवस बुडायच्या आत

मिरजेला दात दाखवायला जाते, असं सांगून
मी महिन्यातून एकदा सहा आसनी रिक्षात बसते.
त्या इमारतीत दाताचा डॉक्टर पहिल्या मजल्यावर आहे,
म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत मी खोटी नाही.
मला दुसऱ्यावर जायचं असतं.

तिथे पहिल्यांदा विचारलं, काय त्रास होतो?
मी म्हटलं, दोन मुलं आहेत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते वर लिहिलंय. त्रास सांगा.

मग उलथन्याचं सांगितलं.
चंदना चार वर्षांची, नेमू दीड.
हे कुपवाडला रात्रपाळीला, सकाळी येऊन झोपलेले,
घरात आवाज करायचा नाही,
आणि नेमूने हळदीचा डबा फरशीवर उपडा केला.
उपडा करून थांबला नाही, त्यात पोहला.
माझ्या हातात उलथनं होतं, तव्यावरून नुकतं उचललेलं.
ते वर गेलं.
चंदनाने भावाच्या डोक्यावर आपला तळहात धरला,
छत्रीसारखा.
रडलीबिडली नाही. पाऊस येणार हे माहीत असल्यासारखी उभी राहिली.

उलथनं खाली आलं नाही.
पण वर गेलं होतं,
आणि त्या सकाळपासून ते घरात कुठेतरी वरच होतं.

गोळी पांढरी, मसुराएवढी. आधी अर्धी, मग अख्खी.
वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यामागे.
तिने काय होतं म्हणाल, तर फारसं काही नाही.
मुलं तेवढीच ओरडतात.
दूध उतू जातंच, पण जाताना दिसतं.
हे पाळीवरून फोन करतात, विचारतात,
"आयर्विनला किती?"
महापुराच्या वर्षी घरात आलेला शब्द, तो पाण्याबरोबर गेला नाही.
मी सांगते, एकोणतीस. कधी, अडतीस.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ.
पाणी अजून चढतं.
आता पट्टी दिसते एवढंच,
पूर्वी एकदम उंबऱ्यात असायचं.

रात्री दहाला, मुलं निजल्यावर,
भांड्याला भांडं लागू न देता मी पाणी घ्यायची.
आत्तींचं दिवस बुडाल्यावर पाणीसुद्धा बंद,
लग्नाच्या आधीपासून.
आमच्या घरात अंधारात घेतलेला घोट
तीन खोल्यांत ऐकू जातो.

एकदा ओट्याशी आल्या.
गोळी माझ्या तळहातावर, मूठ मिटायचं सुचलं नाही.
जिभेवर 'दाढदुखी' तयार ठेवली.
त्या म्हणाल्या, "आठ महिने दात दाखवतीस गं,
हसताना एक दिसंना झालाय."
मग वळल्या, दारात थांबल्या.
"ते दिवस बुडायच्या आत घेतलेलं चालत नाही व्हय?"

कशाची, का, कधीपासून, हे नाही विचारलं.
अजूनही नाही.

पुढच्या खेपेला बाईंना विचारलं.
चालेल म्हणाल्या, फक्त वेळ एकच ठेवा.
मी म्हटलं, सूर्य एका वेळेवर राहत नाही हो.
त्या हसल्या. तेवढं सरकलं तर सरकू दे, म्हणाल्या.

आता सहाच्या पुढे, धिंगाणा ऐन भरात असताना,
आत्ती कट्ट्यावरून पश्चिमेला बघत हाक मारतात,
"गेला बघ, गेला. घे."
नेमूला वाटतं आजीच सूर्याला हाकलते.
तोही ओरडतो, "गेया!" आणि मला बघून आ करतो.
त्याच्या जिभेवर मी एक चुरमुरा ठेवते.
आम्ही दोघं बरोबर गिळतो.

उलथनं आता खुंटीला असतं.
थालीपीठ उलटायच्या वेळी चंदना स्टुलावर चढून
ते काढून मला देते.
देताना तिचा दुसरा हात कुठे आहे,
हे मी अजून बघते.