टिचबटण

मुहर्रकच्या कैसरियात, हलव्याच्या दुकानाला लागून
सहा बाय सात फुटांचा आमचा गाळा.
भिंतीवर उघडेबोडके सँडल:
एक तळ, एक पट्टा, पट्ट्यावर पितळी खोबण.
बाकी सगळं डब्यांत.
फुलं, फुलपाखरं, खजुराचं झाड, काचेचे डोळे,
ईदसाठी चंद्रकोर, शाळकरी पोरींसाठी स्ट्रॉबेऱ्या.
सकाळी बँकेत, संध्याकाळी लग्नात,
चप्पल तीच, तोरा वेगळा.
टिच् करून लावायचं, टिच् करून काढायचं.
रोवेना इलोइलोची. तिला मराठीतला हा एकच शब्द येतो
आणि धंद्याला तो पुरतो.

वडलांना फोनवर हे समजावताना जीभ अडखळते.
कापशीत त्यांच्या हातच्या जोडाला
कान, वेणी, गोंडा, अंगठा
सगळं वादीनं ओवलेलं, एका जिवाचं.
दोन तळांमध्ये बिया, म्हणजे चालणारा
वळणावर दिसण्याआधी करकरत ऐकू येतो.
"म्हणजे गोंडा काढून ठेवता येतो?"
येतो.
"मग जोड उघडा पडत नाही?"
पडतो की. म्हणून तर दुसरा गोंडा विकत घेतात.
ते हसले की खोकले, कळलं नाही. लाईन गेली.

रमजानच्या आधीच्या आठवड्यात उम्म खलफ आली.
अबाया जमिनीला घासणारा. तिनं तो चिमटीनं उचलला
आणि मी, सवयीनं, आधी पाय पाहिले:
सुजलेले घोटे, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं,
टाचेला मेंदी, कालचीच.
डबे तिनं ढकलले. रुमालाची गाठ सोडली.
हरभऱ्याएवढा मोती. पिवळट, एका अंगानं चेपलेला.
"हा लावून दे."
मोत्याला भोक नव्हतं. "पाडू?" म्हटलं.
तिनं असं पाहिलं
जसं मी बापाच्याच कपाळाला आरी लावणार होतो.

बाप पाणबुड्या. पायात दगडाची दोरी अडकवून
एका दमात तळाशी, नाकाला चिमटा.
दगड आधी वर यायचा, माणूस मागून.
एकदा नुसता दगड आला.
हे ती मासळीचा भाव सांगावा तसं बोलली.
मोती त्याआधीच्या फेरीतला, नाखुद्यापासून चोरून आणलेला.
नाखुदा म्हणाली ती. म्हणजे आपला नाखवाच,
देणं फिटू न देणारा.

सरसाची ट्यूब बाजूला ठेवली.
खालच्या खणात वडलांची आरी, अकरा वर्षं फडक्यात.
बकऱ्याच्या कातड्याची वादी दोऱ्याएवढी कापली,
चहाच्या कपात पाणी घेऊन भिजवली.
बोटं आधी विसरली, मग आठवली.
वेणी कापशीचीच, मुंगीच्या मापाची,
मोत्याभोवती फिरवत नेली, मागे टिचबटण.
वादी वाळता वाळता आवळत जाते.
गोंद लागत नाही, भोक लागत नाही.

"दुसऱ्या पायाला?"
"काही नको. हा एकच आहे."
रोवेनानं डब्यातला प्लास्टिकचा मोती पुढे केला,
जवळजवळ तसाच.
म्हातारीनं तो तिच्याच तळहातावर ठेवून
तिची मूठ मिटवली.

उजव्या पायाला मोती, डाव्या पायाला रिकामी खोबण,
निघाली. आम्ही दोघं दारात.
हलव्याच्या दुकानापर्यंत गेली, थांबली,
भिंतीला हात टेकून कशीबशी वाकली.
टिच्.
मोती रुमालात, रुमाल अबायाच्या आत.
मग दोन्ही पाय सारखे घेऊन
गर्दीत शिरली, न वळता.
रोवेना म्हणाली, आवडला नाही वाटतं.
मी पितळी खोबणी पुसत बसलो.

रात्री घरी फोन लावला.
"आज वेणी घातली," म्हटलं.
"किती पदरी?"
"चार."
पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाईन गेली.
"वादी भिजवून घेतली होतीस ना?"